चाचणी नेमकं काय शोधते: जंतू की शरीराचं उत्तर?

कुष्ठरोगाचा जिवाणू एकच. नॉर्वेचे डॉक्टर गेरहार्ड हान्सेन यांनी तो १८७३ मध्ये शोधून काढला. पण हाच जिवाणू दोन माणसांच्या शरीरात शिरला की कधीकधी आजार दोन वेगळेच वाटावेत इतका फरक पडतो. एकाच्या अंगावर एक-दोन बधिर चट्टे येतात आणि तिथल्या त्वचेचा नमुना सूक्ष्मदर्शकाखाली कितीही पाहिला तरी जिवाणू सापडत नाही. दुसऱ्याच्या चेहऱ्यावर आणि कानाच्या पाळ्यांवर गाठी येतात, आणि नमुन्यात जिवाणूंची नुसती गर्दी दिसते.

फरक शरीराच्या उत्तरात आहे. पहिल्या माणसाच्या टी पेशी, म्हणजे जंतूशी लढणाऱ्या एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी, जोरात कामाला लागलेल्या असतात. त्या जिवाणूला कोंडतात, मारतात, आणि या झटापटीत आसपासच्या नसाही जायबंदी होतात. दुसऱ्याच्या शरीरात अँटीबॉडी, म्हणजे जंतूला चिकटणारी प्रथिनं, भरपूर असतात, पण त्यांचा उपयोग होत नाही. कारण हा जिवाणू पेशीच्या आत राहतो आणि अँटीबॉडी फिरतात पेशीच्या बाहेर. रिडले आणि जॉपलिंग या दोन डॉक्टरांनी १९६६ मध्ये कुष्ठरोगाचं जे वर्गीकरण मांडलं, त्याचा पायाच मुळी रुग्णाची प्रतिकारशक्ती कशी वागते हा होता.

कुष्ठरोगात हे ठळक दिसतं, पण थोड्याफार फरकाने ते जवळजवळ प्रत्येक संसर्गाला लागू आहे. ताप, अंगदुखी, सुजलेल्या ग्रंथी, पू, पुरळ यांतलं बरंचसं जंतू थेट करत नाही, शरीर करतं. म्हणून संसर्गाबद्दल बोलताना दोन प्रश्न वेगळे ठेवायला हवेत. चाचणी जंतू पाहते आहे की जंतूला शरीराने दिलेलं उत्तर? आणि औषध जंतूवर चाललं आहे की त्या उत्तरावर? हातात रिपोर्ट आल्यावर होणारे कितीतरी गैरसमज हे दोन प्रश्न एकत्र झाल्यामुळे होतात.

आधी हे उत्तर तयार कसं होतं ते पाहू. जंतू आत शिरल्यावर काही तासांतच पहिली फळी उभी राहते. या फळीतल्या पेशींना समोर टायफॉइडचा जिवाणू आहे की आणखी कुठला, याच्याशी घेणंदेणं नसतं. जिवाणूंच्या भिंतीत किंवा विषाणूंच्या जनुकीय द्रव्यात असे काही ठरावीक नमुने असतात, जे आपल्या निरोगी पेशींत सहसा आढळत नाहीत. ते ओळखणारे रेणू, म्हणजे ग्राही, या पेशींवर आणि पेशींच्या आत असतात. खूण पटली की धोक्याचे रासायनिक संदेश सुटतात. विषाणूंच्या बाबतीत यातला सर्वांत महत्त्वाचा संदेश म्हणजे इंटरफेरॉन. आयझॅक्स आणि लिंडेनमान यांनी १९५७ मध्ये तो शोधला. इंटरफेरॉन पोचला की शेजारच्या पेशी आपल्या आत विषाणूची नक्कल होऊ न देण्याची तयारी करतात.

दुसरी फळी नेमकी असते, पण तिला वेळ लागतो. शरीरात टी आणि बी पेशींचे अगणित प्रकार आधीपासून असतात आणि प्रत्येक प्रकाराचा ग्राही वेगळा. आलेल्या जंतूशी ज्या थोड्या पेशींचा ग्राही जुळतो, तेवढ्याच वाढू लागतात. मूठभर पेशींच्या लाखो व्हायला काही दिवस जातात. बी पेशींपासून तयार झालेल्या पेशी अँटीबॉडी सोडतात: साधारणपणे आधी आयजीएम प्रकारच्या, मग आयजीजी प्रकारच्या. संसर्ग ओसरल्यावर यातल्या बहुतेक पेशी मरतात, पण काही मागे राहतात. हीच प्रतिकारशक्तीची स्मृती. ती किती टिकते याचा एक सुंदर पुरावा उत्तर अटलांटिकमधल्या फेरो बेटांवरून मिळाला. तिथे १८४६ मध्ये गोवराची साथ आली. डेन्मार्कचे तरुण डॉक्टर पीटर पानुम यांनी घरोघर चौकशी केली, तेव्हा दिसलं की १७८१ च्या साथीत ज्यांना गोवर होऊन गेला होता त्या म्हाताऱ्या माणसांना तो पुन्हा झालाच नाही. मधली ६५ वर्षं बेटांवर गोवर नव्हता, तरी शरीर विसरलं नव्हतं.

ही स्मृती आपलं रक्षण करते, पण निदान करणाऱ्याची अडचणही तिच्यामुळेच होते. रक्तात अँटीबॉडी सापडली, तर ती आजच्या तापाची की पाच वर्षांपूर्वीच्या?

टायफॉइडची विडाल चाचणी हे याचं जुनं उदाहरण. ती १८९६ पासून वापरात आहे. रुग्णाच्या रक्तातल्या अँटीबॉडीमुळे टायफॉइडचे जिवाणू एकमेकांना चिकटून गुठळ्या होतात का, एवढंच ती पाहते. पण पूर्वी टायफॉइड होऊन गेला असेल, काही प्रकारची लस घेतली असेल किंवा नात्यातल्या दुसऱ्या जिवाणूचा संसर्ग झाला असेल, तरी गुठळ्या होऊ शकतात. उलट खरा टायफॉइड असूनही पहिल्या आठवड्यात अँटीबॉडी पुरेशा तयार झालेल्या नसतात, म्हणून चाचणी निगेटिव्ह येऊ शकते. एकाच विडाल रिपोर्टवर टायफॉइड पक्का ठरवणं मला धोक्याचं वाटतं. खरा ताप दुसऱ्याच कशाचा असेल तर तो तसाच राहतो आणि अँटिबायोटिक मात्र विनाकारण पोटात जातं. अँटिबायोटिक सुरू करण्याआधी घेतलेलं ब्लड कल्चर खूप जास्त विश्वासाचं, कारण त्यात प्रत्यक्ष जिवाणू वाढवून पाहिला जातो. मात्र त्यालाही काही दिवस लागतात आणि टायफॉइडचे बरेच रुग्ण त्यातून निसटतात.

डेंग्यूत सगळं गणित दिवसांचं आहे. तापाच्या पहिल्या काही दिवसांत विषाणू रक्तात असतो, म्हणून एनएस१ हे विषाणूचं प्रथिन किंवा पीसीआर या तंत्राने त्याचं जनुकीय द्रव्य शोधतात. चौथ्या-पाचव्या दिवसापासून आयजीएम दिसू लागते आणि विषाणू कमी होत जातो. दुसऱ्या दिवशी नुसती आयजीएम तपासून ती निगेटिव्ह आली म्हणून निर्धास्त होण्यात अर्थ नाही. म्हणून ताप कोणत्या दिवशी सुरू झाला हे डॉक्टरांना नीट सांगणं फार महत्त्वाचं. त्या एका तारखेवर कोणती चाचणी करायची आणि तिचा अर्थ काय लावायचा हे दोन्ही ठरतं.

डेंग्यूची गोष्ट इथे संपत नाही. त्याच्या विषाणूचे चार प्रकार आहेत. एका प्रकाराचा संसर्ग झाला की त्या प्रकारापासून दीर्घकाळ संरक्षण मिळतं. पण नंतर दुसऱ्या प्रकाराचा विषाणू आला, तर जुन्या अँटीबॉडी त्याला चिकटतात खऱ्या, निष्प्रभ मात्र करू शकत नाहीत. वर अँटीबॉडी चिकटलेला विषाणू काही पांढऱ्या पेशी आपणहून आत ओढून घेतात आणि विषाणू तिथेच वाढतो. म्हणजे शरीराचं आधीचं उत्तरच नव्या विषाणूला दार उघडून देतं. दुसऱ्या वेळचा डेंग्यू गंभीर होण्याची शक्यता जास्त असते, त्याचं हे एक प्रमुख कारण मानलं जातं. ही गोष्ट किती महागात पडू शकते हे डेंगव्हॅक्सिया या डेंग्यूच्या लसीने दाखवून दिलं. फिलिपिन्समध्ये २०१६ पासून ती शाळकरी मुलांना मोठ्या प्रमाणावर दिली गेली. नोव्हेंबर २०१७ मध्ये लसीच्या उत्पादक कंपनीनेच जाहीर केलं की ज्यांना आधी कधी डेंग्यू झालेला नाही त्यांच्यात लसीनंतर गंभीर आजाराचा धोका वाढतो. अशांच्या बाबतीत लसच पहिल्या संसर्गासारखी ठरत होती. त्यानंतर जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलं की ही लस देण्याआधी जुन्या संसर्गाची खूण रक्तात आहे का ते तपासा. विडालमध्ये जी जुनी अँटीबॉडी दिशाभूल करते, तिचाच शोध इथे घ्यायचा होता.

आता टीबी, कारण जंतू आणि उत्तर यांच्यातला गोंधळ इथे सर्वांत जुना आणि सर्वांत खोल आहे. रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी टीबीचा जिवाणू जगापुढे आणला. आठ वर्षांनी, १८९० मध्ये, त्यांनी ट्युबर्क्युलिन नावाचा या जिवाणूंचा अर्क टीबीवरचं औषध म्हणून पुढे केला. देशोदेशींचे रुग्ण बर्लिनकडे धावले. औषध म्हणून तो अर्क फसला आणि काही रुग्णांची प्रकृती आणखी बिघडली. पण टोचल्यावर टीबीचा संसर्ग असलेल्यांचं शरीर जोरात प्रतिक्रिया देतं, हे निरीक्षण खरं होतं. क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी १९०७ मध्ये त्यावरून त्वचेची चाचणी बनवली आणि लगेच शार्ल मांतू यांनी तिला आजचं रूप दिलं.

मांतू चाचणीत त्वचेच्या थरात शुद्ध केलेला अर्क अगदी थोडा टोचतात. टीबीच्या जिवाणूची स्मृती असलेल्या टी पेशी शरीरात असतील तर त्या तिथे जमतात. हे जमणं सावकाश होतं, म्हणून हात ४८ ते ७२ तासांनी पाहायचा असतो. मोजायचा तो बोटाला लागणारा कडक फुगवटा, लाली नव्हे. अडचण अशी की टीबीविरुद्धची बीसीजी लस घेतलेल्यांतही फुगवटा येऊ शकतो, कारण अर्कातली बरीच प्रथिनं बीसीजीच्या जिवाणूतही असतात. ही अडचण इग्रा या रक्तचाचणीने बरीच सोडवली. बीसीजीचा जिवाणू प्रयोगशाळेत वर्षानुवर्षं वाढवून सौम्य केला गेला, तेव्हा त्याच्या जनुकांचा एक तुकडा गळून गेला. त्या तुकड्यावरची दोन प्रथिनं टीबीच्या जिवाणूत आहेत, बीसीजीत नाहीत. इग्रामध्ये रुग्णाच्या रक्ताला नेमकी तीच प्रथिनं दाखवतात आणि टी पेशी गॅमा इंटरफेरॉन सोडतात का ते मोजतात. मला ही युक्ती या सगळ्या क्षेत्रातल्या सर्वांत देखण्या युक्त्यांपैकी एक वाटते.

तरीही मांतू आणि इग्रा, दोन्ही सांगतात ते एवढंच: या शरीराची टीबीच्या जिवाणूशी ओळख झालेली आहे. आजार आहे, असं त्या सांगत नाहीत. जगातल्या अंदाजे एक चतुर्थांश लोकांना कधी ना कधी हा संसर्ग झालेला आहे, आणि त्यांतल्या फक्त ५ ते १० टक्क्यांना आयुष्यात कधीतरी प्रत्यक्ष टीबी होतो. बाकीच्यांत शरीराने जिवाणूला कोंडून ठेवलेलं असतं. दोन आठवडे खोकला, वजन घटणं, संध्याकाळचा ताप असेल, तर इग्राच्या कागदावर समाधान मानू नये. थुंकीत जिवाणू आहे का ते पाहायला हवं. जीनएक्स्पर्टसारखी यंत्रं साधारण दोन तासांत जिवाणूचा डीएनए आहे का आणि तो रिफाम्पिसिन या महत्त्वाच्या औषधाला दाद देईल का, हे दोन्ही सांगतात. उलट बाजूही लक्षात असू द्या. एचआयव्ही, कुपोषण किंवा खुद्द पसरलेल्या टीबीमुळे टी पेशी थकलेल्या असतील, तर टीबी असूनही मांतू आणि इग्रा निगेटिव्ह येऊ शकतात. आणि टीबीसाठी रक्तातल्या अँटीबॉडी मोजणाऱ्या, बाजारात मिळणाऱ्या चाचण्या तर वापरूच नयेत, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये स्पष्ट सांगितलं. कारण कुष्ठरोगात पाहिलं तेच. जिवाणू पेशीच्या आत, खरी लढाई टी पेशींची, आणि अँटीबॉडी कोणात वाढतील याचा काही भरवसा नाही.

एचआयव्हीच्या बाबतीत दोनच गोष्टी सांगायच्या आहेत. संसर्ग झाल्यापासून चाचणीत तो दिसेपर्यंत मध्ये काही आठवड्यांचा रिकामा काळ असतो. आजच्या चाचण्या अँटीबॉडीबरोबर विषाणूचं पी२४ हे प्रथिनही पाहतात, त्यामुळे हा काळ आखडला आहे, संपलेला नाही. दुसरी गोष्ट बाळांची. आईच्या आयजीजी अँटीबॉडी नाळेतून बाळात येतात आणि १८ महिन्यांपर्यंत राहू शकतात. म्हणून त्याआधी बाळाची अँटीबॉडी चाचणी पॉझिटिव्ह आली तर त्यातून आईबद्दल कळतं, बाळाबद्दल नाही. बाळासाठी थेट विषाणू शोधावा लागतो.

आणखी एक हिशेब प्रत्येक चाचणीला लागू आहे. समजा एक चाचणी आजारी माणसांपैकी ९५ टक्के पकडते आणि निरोगी माणसांपैकी ९५ टक्क्यांना बरोबर निगेटिव्ह ठरवते. आजार शंभरात एकाला आहे. अशा १०,००० लोकांची तपासणी केली तर १०० आजाऱ्यांपैकी ९५ सापडतील, पण ९,९०० निरोग्यांपैकी ४९५ जणही पॉझिटिव्ह येतील. म्हणजे ५९० पॉझिटिव्ह रिपोर्टांपैकी खरे ९५, जेमतेम १६ टक्के. लक्षणं आणि संपर्क पाहून निवडलेल्या लोकांत तीच चाचणी केली तर चित्र पालटतं. म्हणून डॉक्टर आधी एवढे प्रश्न विचारतात. तो वेळ वाया जात नसतो.

उपचारांकडे वळलं की दुसरा प्रश्न समोर येतो: औषध कोणावर? अँटिबायोटिक आणि विषाणूरोधक औषधं जंतूवर चालतात. पण काही आजारांत माणूस दगावतो तो शरीराच्या उत्तराचा तोल गेल्यामुळे. सेप्सिसची २०१६ पासूनची व्याख्याच तशी आहे: संसर्गाला शरीराने दिलेलं बेताल उत्तर आणि त्यातून अवयवांचं जिवावर बेतणारं निकामी होणं.

कोविडमध्ये हे सगळ्या जगाने पाहिलं. ब्रिटनमधल्या रिकव्हरी या मोठ्या क्लिनिकल ट्रायलचे निकाल जून २०२० मध्ये आले. डेक्सामेथासोन हे शरीराचं उत्तर दाबणारं जुनं, स्वस्त स्टेरॉइड दिल्यावर व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांतले मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने आणि ऑक्सिजनवरच्या रुग्णांतले सुमारे एक पंचमांशाने घटले. ज्यांना ऑक्सिजनची गरजच नव्हती त्यांना मात्र फायदा झाला नाही. सुरुवातीला विषाणू वाढत असतो आणि तेव्हा प्रतिकारशक्तीची गरज असते. पुढे काहींमध्ये विषाणू ओसरत आला तरी दाह, म्हणजे शरीराच्या उत्तरातून येणारी सूज आणि जळजळ, थांबत नाही. तिथे स्टेरॉइड जीव वाचवतं. ताप आला म्हणून घरच्या घरी स्टेरॉइडच्या गोळ्या सुरू करणं का घातक आहे, हे यातून समजावं. आपण आपल्याच फळीचे हात बांधतो, तेही नेमके तिची सर्वांत जास्त गरज असताना.

त्याच वर्षी आणखी एक शोध लागला. अतिगंभीर कोविड न्यूमोनिया झालेल्या रुग्णांपैकी निदान दहा टक्क्यांच्या रक्तात स्वतःच्याच इंटरफेरॉनला निकामी करणाऱ्या अँटीबॉडी आढळल्या, आणि त्या संसर्गाच्या आधीपासून होत्या असं मानण्यासारखे पुरावेही मिळाले. म्हणजे वरवर प्रतिकारशक्तीचा अतिरेक वाटणाऱ्या आजाराची सुरुवात काहींमध्ये प्रतिकारशक्तीच्या उणिवेने झाली होती. पहिली फळी गप्प राहिली, विषाणू मोकाट वाढला, आणि मग शरीराने जो मिळेल त्या मार्गाने उत्तर दिलं.

उत्तर दाबणं म्हणजे नेहमी भलंच असं मात्र नाही. टीएनएफ हा दाह वाढवणारा एक रासायनिक संदेश. सेप्सिसमध्ये तो रोखला तर रुग्ण वाचतील, या आशेने १९९० च्या दशकात मोठ्या क्लिनिकल ट्रायल झाल्या. अपेक्षित फायदा मिळाला नाही. एका ट्रायलमध्ये जास्त मात्रा मिळालेल्यांत मृत्यू उलट वाढलेले दिसले. पुढे टीएनएफ रोखणारी औषधं संधिवातात फार गुणकारी ठरली. पण २००१ मध्ये लक्षात आलं की ती घेणाऱ्या काहींमध्ये सुप्त टीबी उसळी मारतो. जिवाणूला कोंडून ठेवणाऱ्या पेशींची गाठ टिकून राहायला टीएनएफ लागतो. म्हणून आज ही औषधं सुरू करण्याआधी मांतू किंवा इग्रा करतात. वर जिच्या मर्यादा सांगितल्या, ती जुनी स्मृती शोधणारी चाचणी इथे अगदी योग्य जागी बसते.

कुष्ठरोगातही उपचार चालू असताना अचानक चट्टे लाल होऊन सुजतात, नसा दुखतात, हातापायांतली ताकद जाते. रुग्णाला वाटतं औषध बाधलं किंवा आजार उलटला. बहुधा तसं नसतं. जिवाणूंच्या अवशेषांवर शरीर नव्याने तुटून पडलेलं असतं. अशा वेळी जिवाणूवरची औषधं बंद करायची नाहीत आणि जोडीला डॉक्टरांच्या देखरेखीखाली स्टेरॉइड घ्यायची. दिवस वाया गेले तर नस कायमची जाऊ शकते. हे रुग्णाला उपचार सुरू करतानाच सांगितलं पाहिजे असं मला मनापासून वाटतं. न सांगितल्यामुळे माणसं गोळ्या सोडून देतात.

तिसरा मार्ग उसन्या उत्तराचा. बेरिंग आणि कितासातो यांनी १८९० मध्ये दाखवलं की धनुर्वाताच्या विषाला सरावलेल्या प्राण्याच्या रक्तातला द्रव दुसऱ्या प्राण्याला वाचवू शकतो. आज रेबीजमध्ये आपण हेच करतो. लसीमुळे शरीराने स्वतःच्या अँटीबॉडी बनवायला एक-दोन आठवडे जातात. तेवढ्या काळात विषाणू नसेत शिरू नये म्हणून जखम खोल असेल तर तयार अँटीबॉडी जखमेत आणि जखमेभोवती टोचतात. जखम साबण-पाण्याने धुणं, अँटीबॉडी आणि लस, या तिन्ही गोष्टी लागतात. एकीने दुसरीची जागा भरून निघत नाही. पुढे १९७५ मध्ये क्योलर आणि मिलस्टाइन यांनी एकाच प्रकारची अँटीबॉडी हवी तेवढी बनवण्याची रीत शोधली. काँगोत २०१८-१९ च्या इबोला साथीत तपासलेल्या औषधांपैकी एक अशीच अँटीबॉडी होती. तिचं मूळ १९९५ च्या किकविट शहरातल्या साथीतून वाचलेल्या एका माणसाच्या रक्तपेशींत होतं. ती मिळालेल्यांत सुमारे ३५ टक्के रुग्ण दगावले, तर तुलनेसाठी दिलेल्या जुन्या औषधाच्या गटात सुमारे ५० टक्के.

संशोधक आता शरीराचं उत्तर अधिक बारकाईने वाचू पाहत आहेत. सीआरपी हे दाहाचं प्रथिन १९३० पासून माहीत आहे, पण ते दाह आहे एवढंच सांगतं, कशाचा ते नाही. त्याऐवजी पांढऱ्या पेशींतली कोणती जनुकं जागी झाली आहेत हे पाहिलं, तर संसर्ग जिवाणूचा की विषाणूचा याचा अंदाज येतो. टीबीत याच वाटेने आणखी पुढचा प्रयत्न झाला. दक्षिण आफ्रिकेतल्या किशोरवयीनांच्या रक्तात १६ जनुकांचा एक ठसा सापडला. आजार उघड होण्याच्या साधारण वर्षभर आधीपासून तो दिसू लागतो, असं २०१६ मध्ये प्रसिद्ध झालं. मग असाच ठसा असलेल्या प्रौढांना टीबी होण्याआधीच प्रतिबंधक औषधं देऊन पाहिली. त्या ट्रायलचा निकाल २०२१ मध्ये आला: चाचणीने जास्त धोक्यातली माणसं ओळखली, पण औषधाने त्यांच्यातला टीबी घटला नाही. एक शक्यता अशी की ठसा दिसतो तोवर जिवाणू सुप्त राहिलेलाच नसतो, आजार आतून सुरू झालेला असतो. तसं असेल तर अशा माणसांना प्रतिबंधक औषधांचा छोटा कोर्स पुरणार नाही, त्यांच्यावर उपचार टीबीच्या रुग्णासारखेच करावे लागतील.